छप्पर नसलेली वास्तू

आज बराच वेळ एका डोंगरउतारावर भटकलो. नजर राहून राहून दगडी बांधांकडेच जात होती. एका बांधापाशी बसून नीट पाहिलं. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. भिंत किंचित डोंगराच्या बाजूला कललेली, म्हणजे मागच्या मातीचा रेटा तिला सहज पेलता येतो. दगडांमधल्या फटीतून पाणी झिरपून जातं. ते आत तुंबलं असतं तर एखाद्या मोठ्या पावसात भिंत फुगून कोसळली असती. याला वास्तुकला नाही तर काय म्हणायचं?

उतार पाण्याने कोरला, खडक ऊन-पावसाने फोडला, रचला माणसाने. कुणाचं काम कुठे संपलं ते सांगता येत नाही, आणि मला नेमकं तेच भावतं.

युनेस्कोने जागतिक वारशात ‘सांस्कृतिक भूदृश्य’, म्हणजे निसर्ग आणि माणूस यांनी मिळून घडवलेला प्रदेश, ही वर्गवारी आणली १९९२ मध्ये. (किती उशिरा!) फिलिपिन्समधल्या इफुगाओ लोकांची डोंगरावरची भातखाचरं १९९५ मध्ये त्यात आली. नेदरलँड्समधलं बेम्स्टर तर मुळात सरोवर. पवनचक्क्यांनी पाणी उपसून १६१२ मध्ये ते कोरडं केलं आणि तळावर सरळ रेषेत शेतं आखली.

पण अशा वास्तूला रोज राबणारी माणसं लागतात. बांधांकडे दुर्लक्ष होऊ लागलं, लोक शेती सोडू लागले, तेव्हा इफुगाओची खाचरं २००१ मध्ये धोक्यातल्या वारशाच्या यादीत गेली. डागडुजी होऊन त्या यादीतून बाहेर पडायला २०१२ उजाडलं.