महाग व्हायला एक रात्र पुरते

डिझेल महागलं की ट्रकचं भाडं वाढतं, भाडं वाढलं की दुकानातला माल वाढतो, आणि हे सगळं इतकं पटापट होतं की आता कुणाला त्याचं नवलही वाटत नाही. पण डिझेल उतरलं म्हणून भाडं उतरलं आणि भाडं उतरलं म्हणून सामान स्वस्त झालं, असं शेवटचं कधी झालं ते जरा आठवून बघा. मला तरी आठवत नाही. बजेट आलं, जीएसटी कौन्सिलची मीटिंग झाली, रिझर्व्ह बँकेने रेट बदलला की टीव्हीवर 'सर्वसामान्यांना दिलासा' अशी पट्टी फिरायला लागते आणि तो दिलासा मधेच कुठेतरी अडकतो, वाढ मात्र कधीच अडकत नाही, ती सरळ आपल्या घरापर्यंत येते. हे असं का होतं यावर बरेच दिवस लिहायचं होतं.

पेट्रोलचंच घ्या. २०१० मध्ये पेट्रोलचे आणि २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून काढले, सांगितलं काय तर आता जगात क्रूड, म्हणजे कच्चं तेल, वाढलं तर इथे वाढेल आणि तिथे उतरलं तर इथेही उतरेल. आणि २०१४ च्या मध्यानंतर क्रूड खरंच कोसळलं, शंभर डॉलरच्या वर असलेलं बॅरल जानेवारी २०१६ पर्यंत तीसच्याही खाली गेलं. त्याच काळात, म्हणजे नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ मध्ये, एक्साइज ड्युटी, म्हणजे पेट्रोल-डिझेलवरचा केंद्र सरकारचा कर, नऊ वेळा वाढवली. मे २०२० मध्ये तर एका रात्रीत पेट्रोलवर १० रुपये आणि डिझेलवर १३ रुपये एक्साइज वाढवली, आणि पंपावरचा भाव त्या दिवशी बदलला नाही म्हणून बहुतेकांना काही झालंय हे कळलंच नाही. उतरायला हवा असलेला भाव उतरलाच नाही, एवढंच झालं. मग क्रूड परत वर जायला लागलं तेव्हा जूनपासून भाव रोज थोडा थोडा वाढत गेला आणि कर होता तिथेच राहिला. लॉकडाउनमध्ये सरकारचं उत्पन्न आटलं होतं, पैसा कुठून तरी आणायलाच हवा होता, हे मला मान्य आहे. नंतर नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये एक्साइज कमीही केली, आणि २०२२ मध्ये क्रूड भडकलं तेव्हा सरकारी तेल कंपन्यांनी काही महिने तोटा सोसून भाव धरून ठेवला हेही खरं आहे. पण मग भाव बाजार ठरवतो असं म्हणू नका ना. वाढताना बाजार आणि उतरताना तिजोरी, असा हा हिशोब आहे आणि तो कुणी लोकांना विचारून ठरवलेला नाही.

बरं, हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. ब्रिटनमधल्या पेट्रोलच्या भावांचा रॉबर्ट बेकन यांनी अभ्यास केला होता, १९९१ चा, त्यात दिसलं की भाव रॉकेटसारखे वर जातात आणि पिसासारखे तरंगत खाली येतात. फिनलंडमध्ये तर जवळजवळ प्रयोगच झाला. जानेवारी २००७ मध्ये तिथे केशकर्तनालयांवरचा व्हॅट २२ टक्क्यांवरून ८ टक्के केला आणि जानेवारी २०१२ मध्ये परत २३ टक्के केला. म्हणजे दुकानं तीच, काम तेच, फक्त कर आधी खाली आणि मग वर. कर उतरला तेव्हा बऱ्याच दुकानांनी रेट बोर्डाला हातसुद्धा लावला नाही, आणि एकूण बघितलं तर कर चढताना किमतींवर जो परिणाम झाला तो उतरतानाच्या साधारण दुप्पट होता. फ्रान्समध्ये जुलै २००९ मध्ये रेस्टॉरंटवरचा व्हॅट १९.६ वरून ५.५ टक्के केला, सगळा फायदा गिऱ्हाइकाला दिला असता तर बिल १२ टक्क्यांच्या आसपास उतरायला हवं होतं, ते उतरलं जेमतेम २ टक्के. बाकीचा मोठा वाटा मालकांकडे राहिला. त्यामुळे हा कुणा एका देशातल्या दुकानदारांच्या स्वभावाचा दोष आहे असं मला वाटत नाही. वाढ पुढे ढकलली नाही तर धंदेवाल्याचं नुकसान होतं म्हणून तो लगेच ढकलतो, कपात पुढे दिली नाही तर त्याचं काहीच बिघडत नाही. आणि आपण साखळीच्या शेवटच्या टोकाला, आपण पुढे कुणावर ढकलणार?

आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ मध्ये हेच झालं. रेस्टॉरंटवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, लोक खूश झाले, आणि काही दिवसांत मेन्यूतले मूळ भावच वाढले. मालकांचं म्हणणं असं की ५ टक्के करताना आमचं इनपुट क्रेडिट काढून घेतलं, म्हणजे भाडं, सामान यावर आम्ही जो कर भरतो तो आता वळता होत नाही. हे म्हणणं खोटं नाही, पण काहींनी गेलेल्या क्रेडिटपेक्षा जास्त भाव वाढवले, तशा तक्रारी झाल्या आणि ऑर्डरीही निघाल्या. कारण तेव्हा निदान तक्रार करायला जागा होती. जीएसटी आल्यावर नफेखोरीविरोधी प्राधिकरण नेमलं होतं, कराची कपात गिऱ्हाइकाला दिली का हे बघणं एवढंच त्याचं काम. डिसेंबर २०२२ पासून ते काम स्पर्धा आयोगाकडे गेलं आणि १ एप्रिल २०२५ पासून नव्या तक्रारी घेणंच बंद झालं.

आणि मग २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी लागू झाल्यापासूनची सगळ्यात मोठी कपात आली. १२ आणि २८ चे स्लॅब गेले, रोजच्या वापरातल्या खूप वस्तू ५ वर आल्या. तक्रारीची खिडकी एप्रिलमध्ये बंद आणि कपात सप्टेंबरमध्ये! ग्राहक हेल्पलाइनवर जीएसटीच्या तक्रारी घ्यायची सोय केली, मोठ्या कंपन्यांनी नव्या किमती जाहीर केल्या, गाड्या आणि टीव्ही खरंच स्वस्त झाले, ते नाकारायचं कारण नाही. मोठ्या वस्तूचं ठीक असतं, किंमत मोठी असते, दहा जण चौकशी करतात, लगेच कळतं. अडचण छोट्या पुडीची आहे, आणि ज्याच्या हातात रोजचा रोज पैसा येतो तो माणूस छोटी पुडीच घेतो.

पाच रुपयांची पुडी पाच रुपयांचीच राहते, कारण सुटे पैसे कोण देणार. म्हणून कच्चा माल महागला की कंपनी किंमत न वाढवता आतलं वजन कमी करते, आणि कर उतरला की म्हणते किंमत नाही कमी करत, वजन वाढवतो. ऐकायला बरोबर वाटतं पण वजन किती होतं, किती झालं हे बघणार कसं? मागची पुडी तर कधीच कचऱ्यात गेलेली असते. पूर्वी बिस्किटं, चहा, साबण अशा काही वस्तू ठरावीक वजनातच विकायचं बंधन होतं, ते नंतरच्या नियमबदलात काढून टाकलं आणि त्याऐवजी पाकिटावर ग्रॅममागे किंवा किलोमागे किंमत छापायची सक्ती आली. कल्पना चांगली आहे, पण ते अक्षर एकदा वाचून बघा. माझ्या आईला चष्मा लावूनही वाचता येत नाही, मला मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघावं लागतं. वजन कमी केलं तर तसं पाकिटावर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहा, निदान दोन-तीन महिने, एवढी साधी मागणी आहे. फ्रान्समध्ये १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना वजन घटवलेल्या मालाशेजारी दोन महिने तशी पाटी लावावी लागते. त्यांना जमतं तर आपल्याला का नाही?

आता कर्जाचं, कारण यात माणसं सगळ्यात जास्त भरडली जातात आणि सगळ्यात कमी बोलतात. रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, मे २०२० मध्ये ४ टक्क्यांवर होता, त्या काळात खूप जणांनी ७ टक्क्यांच्या आसपास गृहकर्ज घेतलं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो अडीच टक्क्यांनी वाढला. गणित करून बघा, एक लाख, २० वर्षं, ७ टक्के, हप्ता येतो ७७५ रुपये. दर ८ झाला आणि हप्ता तोच ठेवला तर २० ची जवळजवळ २५ वर्षं होतात. साडेआठ झाला तर २९ च्या आसपास. ९ झाला तर ३८ वर्षं!! आणि साडेनऊला तर एका महिन्याचं व्याजच ७९२ रुपये होतं, म्हणजे ७७५ च्या हप्त्यातून व्याजसुद्धा फिटत नाही, मुद्दल कमी व्हायचं सोडून वाढायला लागतं. बँकांनी अगदी हेच केलं, हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवली, आणि हप्ता बदलला नाही म्हणून लोकांना वाटलं आपण वाचलो. आमच्या नात्यातल्या एकांना आपलं कर्ज रिटायरमेंटच्याही पुढे गेलंय हे स्टेटमेंट काढल्यावर कळलं, तोपर्यंत बँकेकडून एक मेसेज नाही, फोन नाही. ते गृहस्थ आयुष्यात एक हप्ता चुकले नव्हते.

त्याच काळात बचत खात्यावर काय मिळत होतं? रेपो अडीच टक्के वाढला तरी मोठ्या बँकांचा बचत खात्याचा दर २.७ ते ३ टक्क्यांत होता तिथेच. आणि फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो एक टक्का उतरला तेव्हा तोच दर जूनपर्यंत अडीच टक्क्यांवर आला. म्हणजे वाढीत आपला वाटा नाही आणि कपातीत आहे. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला हे कुठल्या तोंडाने समजावून सांगायचं?

मला यात एकच गोष्ट दिसते, जिथे नियमाने भाग पाडलं तिथे कपात पोचली. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची, रिटेल कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडायची सक्ती झाली, त्याआधी कर्जाचा दर ज्यावरून ठरतो ते बेस रेट, एमसीएलआर वगैरे दर बँक स्वतःच काढायची आणि त्यात मनाने फेरफार होतात हे रिझर्व्ह बँकेच्याच अभ्यासगटाने २०१७ मध्ये लिहिलं होतं. रेपोला जोडलेल्या कर्जात दर उतरला की तो ठरलेल्या तारखेला उतरतोच, कुणाच्या मेहेरबानीचा प्रश्न नाही. मग हेच पुडीला, भाड्याला, पेट्रोलच्या कराला का लावता येत नाही? सगळीकडे जमेल असं मी म्हणत नाही, पण कपात जाहीर करतानाच ती पोचली का हे कोण तपासणार, कुठे तक्रार करायची आणि कधीपर्यंत, एवढं तरी सोबत जाहीर व्हायला हवं.

आणि ज्यांचं फ्लोटिंग रेटचं गृहकर्ज चालू आहे त्यांनी दर तीन महिन्यांनी मिळणारं स्टेटमेंट नक्की काढून बघा. ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या सर्क्युलरप्रमाणे त्यात आतापर्यंत गेलेलं मुद्दल आणि व्याज, हप्ता, उरलेल्या हप्त्यांची संख्या आणि वार्षिक दर हे सगळं द्यावंच लागतं, आणि दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे ठरवायचा पर्याय तुम्हाला मिळायला हवा. कर्ज अजून जुन्या एमसीएलआर किंवा बेस रेटवर असेल तर रेपोवर बदलून द्या असा लेखी अर्ज करा. हाउसिंग फायनान्स कंपनीचं कर्ज असेल तर त्यांना रेपोला जोडायची सक्ती नाही, तिथे दर कसा ठरतो हे लेखीच मागा.