एक पितळी स्टँडऑफ

आज रविवार, आणि सकाळी नऊपासून मी फरशीवर मांडी ठोकून. घरचे फोटो ठेवायला हौसेने जोडलेला सर्व्हर सुरूच होईना. बटण दाबलं की पंखा पाव गिरकी घेणार, टक्, आणि शांत. मदरबोर्डवरचा दिवा मात्र लागलेला, म्हणजे ५ व्होल्टचा स्टँडबाय (मशीन बंद असतानाही मिळणारी वीज) येतोय.

पहिला संशय अर्थातच एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर. तो सुटा करून २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला यू-पिनने जोडली, तर पंखा गरगर फिरला. बिचारा निर्दोष निघाला. रॅम काढली, घातली. प्रोसेसरची ८ पिनांची केबल पुन्हा बसवली. ढिम्म.

"दुकानात नेऊन टाक की," आई. मी काय ऐकतोय!

शेवटी बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवला, बटणाऐवजी पॉवरच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर टेकवला, आणि चालू! मग कॅबिनेटमध्ये टॉर्च मारला. बोर्डाला जिथे भोकच नाही, तिथे एक पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यावर बसतो तो छोटा खांब, उभा. बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करत होता. कॅबिनेटसोबत लागूनच आला होता, पण बघायला हवं होतं मीच.

पक्कडीने काढला. आता फोटो कॉपी होतायत, १४ टक्के झाले. आई दर दहा मिनिटांनी विचारतेय, "लग्नातले आले का रे?"