उरलंय, न्यायला येता का?

फोन साधारण रात्री अकरा-साडेअकराला येतो. लग्नसराईत तर आठवड्यातून तीन-तीनदा. "मॅडम, तुम्ही ती धान्य बँक चालवता ना? आमच्याकडे आज कार्य होतं. दीड-दोनशे माणसांचं उरलंय. न्यायला येता का?" मी नाही म्हणते. पलीकडे जरा शांतता. मग ठरलेला प्रश्न येतो: "अहो, अन्न वाया जातंय आणि तुम्ही भुकेल्यांसाठीच काम करता. मग नेत का नाही?"

त्या वेळी नीट उत्तर देता येत नाही. त्यांच्या मागे मांडववाले खुर्च्यांवर खुर्च्या आपटत असतात आणि मी अर्धवट झोपेत असते. चार लोक मनात मला शिष्ट म्हणत असतील, तेही कळतं. तुम्हीही तुमच्या घरच्या कार्यासाठी हेच विचारलंत, म्हणून आता दिवसाउजेडी, चहा पिऊन सांगते.

आम्ही न्यायचो. सुरुवातच तिथून झाली. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत मी सव्वीस वर्षं कारकून होते. निवृत्त झाल्यावर गल्लीतल्या आम्ही पाचजणी आणि छोटा हत्ती टेम्पो चालवणारा शेजारचा एक मुलगा, एवढ्यांनी हे काम काढलं. मंगल कार्यालयातून पातेली उचलायची, आधी सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात पेशंटच्या नातेवाइकांना वाढायचं आणि उरलेलं घेऊन वस्तीत जायचं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं. मसालेभाताचा वास, गाडीत पातेल्यांचा खडखडाट, रात्री एक वाजता रिकाम्या रस्त्याने घरी येणं. नोकरीत सगळी वर्षं रजिस्टरं भरली, त्यापुढे हे म्हणजे काहीतरी केल्यासारखं होतं.

मग मे महिन्यातली एक रात्र. दिवसा पारा ४३च्या वर गेलेला. स्वयंपाक दुपारी चारला झालेला, आम्ही पातेली उचलली पावणेबाराला आणि वस्तीत पोचायला एक वाजला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला की चार मुलांना उलट्या होताहेत. त्यातल्या एकाला दीड दिवस सलाईन लावावं लागलं. कुणी आम्हाला बोललं नाही. त्या मुलाच्या आईने तर "उन्हाचं झालं असंल अक्का" म्हणून माझीच समजूत घातली. मला मात्र झाकण उघडल्यावर आलेला तो किंचित आंबूस वास आठवत होता. तो मला आला होता, आणि मठ्ठ्याचा असेल म्हणून मी सोडून दिला होता.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की खरी भीती भाताची असते. त्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष सोडतात, आणि ते विष पुन्हा गरम केलं तरी जात नाही. आपल्याला वाटतं, एकदा उकळी आणली की झालं. तसं होत नाही. गरम अन्न ६० अंशांच्या वर किंवा गार अन्न ५ अंशांच्या खाली ठेवायचं, असा साधा नियम आहे. उरलेलं अन्न गोळा करून वाटणाऱ्यांसाठी देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ साली वेगळे नियमही केलेत. आमच्याकडे काय होतं? स्टीलची पातेली आणि वर टाकायला ओलं गोणपाट.

ज्यांच्याकडे साधनं आहेत, गाड्या आहेत, जे जेवणं चालू असतानाच येऊन न वाढलेलं अन्न वेगळं काढून नेतात, त्यांनी हे काम जरूर करावं. आम्हाला ते झेपत नाही. पण नेणं बंद केलं त्याचं एवढंच कारण असतं, तर मी वर्गणी काढून गरम राहणारे डबे घेतले असते.

दुसरं कारण एका म्हातारीने सांगितलं. रात्री एकला आम्ही जिलेबी घेऊन दारात, आणि तिची सून झोपलेल्या पोरांना हलवून उठवतेय. म्हातारी उंबऱ्यात बसून बघत होती. म्हणाली, "झोपल्यात न्हवं ती. झोपू दे की. सकाळी उठल्यावर काय घालायचं ते बघा." आम्ही एकमेकींकडे बघितलं. सकाळचं आमच्याकडे काहीच नव्हतं. सकाळी कुणाकडे लग्न नसतं.

घरी येऊन मी एक काम केलं, ते माझ्या नोकरीतलंच. वही घेतली आणि बारा महिने लिहिले. एका बाजूला लोक कधी देतात, दुसऱ्या बाजूला घरात कधी नसतं. देण्याचे महिने कुणालाही सांगता येतील. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, मग लग्नसराई, श्रावण, पितृपंधरवडा, दिवाळी, आणि मधेमधे वाढदिवस. नसण्याचे महिने मला शाळेच्या रजिस्टरमुळे ठाऊक होते. आमच्या शाळेत आधी मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी द्यायचे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१च्या आदेशानंतर शिजवलेली खिचडी आली. त्या खिचडीचा हिशेब मीच ठेवायचे, म्हणून सांगते, सोमवारी खिचडीला पोरं जास्त असतात. आणि मेच्या सुट्टीत खिचडीच नसते. जूनमध्ये वह्या-दप्तरं. पुढे पावसाळ्यात कधी यंत्रमाग बंद, कधी विडीचं पान कमी आलेलं.

हे पानाचं जरा सांगायला हवं, कारण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांनाही ते माहीत नसतं. आमच्याकडे घरोघरी बाया मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांवर. पान आणि तंबाखू कारखान्यातून मिळतं, वळलेल्या विड्या तिथेच नेऊन द्यायच्या, वाईट निघतील त्या बाजूला जातात. कारखान्यात पान कमी आलं की आठवड्यात दोन-तीन दिवसांचंच काम मिळतं. नोकरी गेली असं कुणी म्हणणार नाही, कारण ती गेलेलीच नसते. फक्त त्या आठवड्यात डाळ येत नाही.

डाळच का? कारण तांदूळ-गहू रेशनवर मिळतो. अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो, आणि २०२३पासून तोही फुकट. अंत्योदयवाल्यांना, म्हणजे सगळ्यात गरीब घरांना, कार्डावर पस्तीस किलो. त्यामुळे "भुकेने मरतात का हो लोक आता?" असं विचारणाऱ्यांचंही अगदीच चुकत नाही. पण रेशनवर महिन्याच्या महिन्याला डाळ नाही, तेल नाही, शेंगदाणे नाहीत. शंभर रुपयांत आनंदाचा शिधा मिळायचा तोही सणासुदीला. आणि कार्ड असलं तरी भानगडी आहेतच. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर अडकलेलं. विड्या वळून वळून बोटांच्या रेषा गेलेल्या, मशीनवर अंगठा उठत नाही. आमच्या गल्लीत "अंगठा उठला का?" हा तब्येतीची चौकशी करावी तसा प्रश्न आहे.

म्हणून आम्ही शिजवलेलं सोडलं आणि कोरड्यावर आलो. तूरडाळ, तेल, शेंगदाणे, गूळ, ज्वारी, तिखट-मीठ. चाळीस घरं. जास्त नाही. जास्त करून बघितलं, हिशेब चुकायला लागला.

पैसे मी हातात घेत नाही. आमची संस्था नोंदलेली नाही, आणि लोकांकडून असा निधी गोळा करायचा तर गणपती मंडळांनासुद्धा धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परवानगी काढावी लागते. आम्ही वाट काढली ती भुसार दुकानदाराची. देणारा थेट त्याच्या खात्यावर पैसे टाकतो, किती किलो काय ते सांगतो, दुकानदार पावती करतो. महिन्याच्या पाच तारखेला आम्ही माल उचलतो आणि पावत्यांचा फोटो सगळ्यांना पाठवतो. घेणाऱ्यांचा फोटो नाही. यावरून एक चांगला देणगीदार सुटला. सुटू दे.

वस्तूच द्यायच्या असतील त्यांच्यासाठी तीन अपार्टमेंटच्या जिन्याखाली झाकणाचे डबे ठेवलेत. त्या डब्यांत काय काय येतं यावर वेगळं लिहिता येईल. ओटीचे तांदूळ हमखास, हळद-कुंकू लागलेले, आत सुपारी. एकदा तर नाणंही. सोंडे लागलेला रवा. तारीख उलटून वर्ष झालेलं ओट्सचं पाकीट, जे मुदतीत असतं तरी आमच्याकडे कुणी खाल्लं नसतं. काही जणी डाळीला एरंडेल चोळून देतात, ते उत्तम. काहींनी बोरिक पावडर लावलेली असते आणि सांगत नाहीत. म्हणून आता डब्यावर कागद चिकटवलाय: "धान्याला काय लावलंय ते चिठ्ठीवर लिहा." दर गुरुवारी दुपारी आम्ही निवडायला बसतो. स्वयंसेवक व्हायचंय असं विचारणाऱ्यांना मी आधी गुरुवारीच बोलावते. वाटायला यायला सगळे तयार असतात. निवडायला परत आले तर टिकतात.

शिजवलेल्यातलं एकच आम्ही आनंदाने घेतो: कडक भाकरी आणि शेंगाचटणी. ना फ्रीज लागतो, ना घाई. आपल्या आज्यांनी हा प्रश्न आधीच सोडवून ठेवला होता आणि आम्ही मसालेभाताच्या मागे पळत होतो.

"बँक" हा शब्द ऐकून लोक हसतात. तो शब्द आमचा नाही. अमेरिकेत फिनिक्स शहरात १९६७ साली जॉन व्हॅन हेंगेल नावाच्या माणसाने पहिली फूड बँक काढली. कल्पना त्याला सुचवली ती दुकानाच्या मागे टाकून दिलेल्या मालातून पोरांसाठी खाणं वेचणाऱ्या एका बाईने. बँकेत पैसे ठेवतात-काढतात तसं अन्नाचं का नको, असं तिचं म्हणणं. मला त्यातलं "ठेवतात" फार आवडलं. आमच्या चाळीस घरांकडे आम्ही दिलेलं एक कार्ड आहे, त्यावर दोन रकाने आहेत, घेतलं आणि ठेवलं. दुसरा रकाना मी हौसेने आखला होता, कोरा राहील असं धरूनच. गेल्या दिवाळीला बोनस झाल्यावर अकरा घरांनी त्यात काहीतरी लिहिलं. कुणी किलोभर ज्वारी, कुणी पाव किलो शेंगदाणे. ज्या मुलाला सलाईन लागलं होतं, त्याच्या आईने गुळाची ढेप आणली आणि मी ती वजन केल्याशिवाय घेऊ नये म्हणून तराजूपाशी उभी राहिली.

"खरंच गरजू आहेत का, कसं ओळखता?" हाही प्रश्न असतो. ओळखत नाही. पावशेर डाळीसाठी दोन तास रांगेत कोण उभं राहतं, तेवढं मला पुरतं.

भाषणांत कुणीतरी दामाजीपंतांचं नाव हमखास काढतं. मंगळवेढं जवळच, त्यामुळे साहजिक आहे. पण दुष्काळात त्यांनी कोठार उघडलं ते आधीच भरलेलं होतं, तेही बादशहाचं. आमचं अजून भरायचंय. मला त्यापेक्षा इथल्या लिंगायत घरांतला "दासोह" हा शब्द जवळचा वाटतो. आमच्यातल्या एकीच्या सासूबाई समजावतात तसा: कष्ट करून मिळालं त्यातलं आपल्यापुरतं ठेवायचं आणि बाकीचं समाजाचं म्हणून परत द्यायचं. हा वाटा जेवायला बसायच्या आधी निघतो. या बाई आजही भाकरीचं पीठ मळायच्या आधी एक मूठ ज्वारीचं पीठ वेगळ्या डब्यात टाकतात. महिन्याला अडीच-तीन किलो होतं. त्यांना कधी रात्री साडेअकराला फोन करावा लागलेला नाही.

आता तुमच्या कार्याबद्दल. तुम्ही विचारलंत त्याचं माझं उत्तर हे, की मला फोन करा, पण आदल्या दिवशी. आणि तुमच्या आचाऱ्याचा नंबर द्या. मंगल कार्यालयात जेवणाच्या हॉलकडे सगळे बघतात, कोठीकडे कुणी बघत नाही. मागवलेल्या किराण्यातलं बरंच तिथे तसंच राहतं, न फोडलेले तेलाचे डबे, तूरडाळ, रवा, साखर. लग्नघर दमलेलं असतं, सामान कुणाच्या तरी गाडीत जातं आणि मग त्याचं काय होतं ते कुणालाच ठाऊक नसतं. हे आम्हाला एका आचाऱ्यानेच सांगितलं. आम्ही उरलेला भात नाकारला म्हणून तो आधी चिडला होता. आता कार्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, यजमानांना विचारून, तोच फोन करतो.

परवाचाच फोन. "अक्का, तेलाचा एक डबा न फोडलेला, एक अर्धा. तूरडाळ सात किलो. साबुदाणा हाय, पण पोतं फाटलंय. मैदा बी हाय, तुमी घेत न्हाई म्हायतंय."

"मैदा नको. साबुदाणा चाळून घेते. पोरगं साडेसातला येईल."

"साडेसात? वाढप्यांचा टेम्पो सातला निघतोय बगा. मग मी नाय सांगत काय ऱ्हातंय ते."

मी छोटा हत्तीवाल्याला उठवलं.