मावशींच्या लेकीची फी: इंदूरमधला माझा अनुभव

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी मूळच्या बऱ्हाणपूरकडच्या. लोकमान्य नगरात चार घरची कामं करतात. 2022च्या फेब्रुवारीत ओटा पुसता पुसता म्हणाल्या, "काकू, पोरीला सिस्टरांच्या शाळेत घालायचंय. फी तुम्ही भरा, मी कामातून फेडीन."

मला वाटलं, शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या 25 टक्के जागांत तिचा नंबर फुकटच लागेल. मध्य प्रदेश सरकारच्या राज्य शिक्षा केंद्राच्या पोर्टलवर सोडतीची यादी उघडली, तर त्या शाळेचं नावच नव्हतं. चौकशीअंती कळलं की 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नाही असा निकाल दिला आहे. म्हणजे कॅथलिक शाळेत गरिबाचं मूल जायचं तर शाळेनेच सवलत द्यायची, नाहीतर कुणीतरी फी उचलायची.

मुख्याध्यापिका सिस्टरांना भेटले. मी रकमेचं विचारत होते आणि त्या विचारत होत्या, "किती वर्षं?" लोक हौसेने दोन वर्षं भरतात, मग बदली होते, घरात लग्न निघतं, आणि चौथीतलं मूल शाळेतून काढावं लागतं. रुळलेल्या मुलाला असं उचलणं फार वाईट, त्या म्हणाल्या. मी त्या दिवशी पैसे भरले नाहीत. आठवडाभर आम्ही दोघांनी पेन्शनचा हिशोब मांडला, दहावीपर्यंत निभेल असं वाटलं तेव्हाच होकार दिला आणि पुढच्या वर्षाच्या फीसाठी लगेच आरडी उघडली. फी थेट शाळेत भरायची आणि वर्गात कुणाला कळू द्यायचं नाही, हेही तिथेच ठरलं.

मावशींना मात्र स्पष्ट सांगितलं, पगार तो पगार. फीचा आणि कामाचा काही संबंध नाही. उद्या काम सोडलंत तरी पोरीची शाळा चालू राहील. कामातून फी फेडून घेणं म्हणजे दहा वर्षं त्यांना बांधून ठेवणं. ते मला करायचं नव्हतं.

खरी दमछाक कागदपत्रांत झाली. जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, समग्र आयडीत (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक) तिसरंच काहीतरी. एका कार्यालयाने तीनदा परत पाठवलं, दरवेळी नवा कागद सांगून. प्रत्येक खेपेला मावशींचा खाडा. चौथ्या वेळी मी बरोबर गेले आणि लागणाऱ्या कागदांची यादी तिथल्या बाबूंकडूनच लिहून घेतली. ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

नात्यातल्या एकांनी विचारलं, "तिथे ख्रिस्ती करतील ना?" मी तेही सिस्टरांना सरळ विचारलं. धर्मशिक्षणाचा तास कॅथलिक मुलांचा, बाकीच्यांना त्या वेळी मॉरल सायन्स. राज्यघटनेच्या कलम 28(3) प्रमाणेही पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही. मावशींना हे वाचून दाखवलं. निर्णय त्यांचा होता.

कराचं थोडक्यात सांगते. 1961च्या आयकर कायद्याच्या कलम 80 सीची सूट फक्त स्वतःच्या मुलांच्या फीवर मिळायची, त्यामुळे आम्हाला काही मिळाली नाही. सूट हवी असेल तर त्याच कायद्याच्या कलम 80 जीची नोंदणी असलेल्या संस्थेला देणगी द्यावी लागायची, 2000 रुपयांच्या वर रोख चालायची नाही आणि देणगीचं 10 बीई नावाचं प्रमाणपत्र संस्थेकडून मागून घ्यावं लागायचं. जुन्या करपद्धतीतच हे चालायचं.

फी भरली की झालं, असं मात्र नाही. घरी इंग्रजी कोण घेणार? पोर रोज चार वाजता आईबरोबर येते, जेवणाच्या टेबलाशी बसते. पहिलीत बी आणि डी हटकून उलटे काढायची, आणि चुकलं की वही छातीशी धरून बसायची. आता धडा वाचून दाखवते, आतून भांड्यांचा आवाज क्षणभर थांबतो.

2025च्या एप्रिलमध्ये चौथीचा पहिला हप्ता भरला. बूट लहान झाले होते. मी पाकीट काढलं तर मावशी म्हणाल्या, "बूट मी घेते, काकू." मी पाकीट परत ठेवलं.