काउइला पाहायला जाताना

हवाई बेटावर कायलुआ-कोनाहून १९० क्रमांकाच्या रस्त्याने वर चढलं की हुआलालाय ज्वालामुखीच्या उतारावर काऊपूलेहूचं कोरडं रान लागतं. काउइला, म्हणजे कठीण, जड लाकडाचं इथलं दुर्मीळ झाड, पाहायचा तर इथे. रस्ता डांबरी आहे, साधी गाडी चालते. मात्र राखलेलं रान कुंपणाआड आहे, एक तुकडा ६ एकरांचा आणि दुसरा ७० एकरांचा. आगाऊ वेळ ठरवून, तिथल्या माणसासोबतच आत जाता येतं. ते आधी ठरवा, मग विमानाची तिकिटं काढा.

गाडी वाळक्या गवतावर उभी करू नका. हे फाउंटन गवत बाहेरून आलेलं. तापलेल्या सायलेन्सरनेही ते पेट घेतं, आणि एका वणव्यात जुनी झाडं जातात. बुटांचे तळवे घासून, ७० टक्के अल्कोहोल फवारून मगच आत जा, कारण ओहिआ नावाची इथली झाडं मारणारी बुरशी मातीतून पसरते. पायाखाली खरबरीत लाव्हा असतो, त्यामुळे जाड तळव्याचे, घोटा झाकणारे बूट हवेत. माणशी दोन लिटर पाणी घ्या.

आत सगळ्यात जास्त दिसतो तो लामा, आपल्या टेंभुर्णीचा भाऊबंद. काउइला बोरीच्या कुळातला. या नावाची झाडं दोन आहेत आणि नवख्याची गफलत इथेच होते. पानं समोरासमोर असतील तर कोलुब्रिना, एकाआड एक असतील तर अल्फिटोनिया. काऊपूलेहूला आहे तो कोलुब्रिना, १९९४ पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत. कोवळ्या फांद्या जवळून बघा: टाचणीने टोचल्यासारखं भोक दिसलं की ते कॉफीलाही लागणाऱ्या काळ्या भुंगेऱ्याचं काम. तो आत बुरशी वाढवतो आणि भोकापुढची डहाळी वाळते.

लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. बेटांवर धातूची खाण नव्हती, म्हणून भाले, जमीन उकरायच्या ओओ काठ्या आणि कापा कुटायची मोगरी यासाठी काउइला निवडत. कापा म्हणजे वाउके या तुतीच्या भाऊबंद झाडाच्या सालीचं कापड. मोगरीला चार बाजू, प्रत्येकीवर वेगळ्या खाचा: आधी जाड, शेवटी बारीक. ओल्या सालीवर दिवसभर आपटूनही या खाचा झिजू नयेत, म्हणून लाकूड असं कठीण हवं. शेजारच्या मोलोकाई बेटावरच्या माउनालोआवर काउइला, निओई आणि ओहे या झाडांत देव शिरले आणि त्यांचं लाकूड विषारी झालं, अशी कथा आहे. हवाईचे लोक या झाडाला हात लावण्याआधी परवानगी मागतात; आपणही थांबावं.

बी, पान, पडलेली काटकीसुद्धा उचलू नका. हातात घेऊन बघायची हौस असेल तर परतताना होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात जा. मोगऱ्या तिथे काचेआड असतात, पण खाचा नीट मोजता येतात.