वादळाच्या मोसमात पॅड्रे आयलंडवर मुशी गरवताना

सॅन अँटोनिओहून अडीच-तीन तासांत कॉर्पस क्रिस्टी आणि तिथून थोडं पुढे पॅड्रे आयलंड नॅशनल सीशोअर. टेक्ससच्या या किनाऱ्यावर गाडी थेट वाळूत घालता येते आणि दक्षिणेला मॅन्सफिल्ड चॅनेलपर्यंत ६० मैल एकही घर लागत नाही. सप्टेंबर संपताना मी आणि माझा मावसभाऊ आठ दिवसांच्या अंतराने तिथे मुशी, म्हणजे शार्क, गरवायला दोनदा गेलो. पहिल्या खेपेला हात हलवत परतलो.

त्या दिवशी आभाळ निळंशार होतं. वादळ शेकडो मैल खाली, मेक्सिकोच्या अंगाला. पण त्याचं उधाण आमच्या आधी पोचलं होतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इथलं पाणी एरवीही चढलेलं असतं, त्यात ही भर. पहिल्या पाच मैलांनंतर फोर-व्हील ड्राइव्हचा रस्ता सुरू होतो, तिथे भरतीची लाट वाळूच्या टेकड्यांना टेकत होती. आत गेलो असतो तर परतायला वाट उरली नसती. तिथे पेट्रोल नाही, पाणी नाही, फोनला रेंजही नाही. कोकणात नारळी पौर्णिमेआधी होडी लोटायची नाही हे गावच ठरवतं. इथे १ जून ते ३० नोव्हेंबर वादळांचा मोसम, पण समुद्र आपल्यासाठी कोणी बंद करत नाही. म्हणून सांगतो, आकाश बघून ठरवू नका. नॅशनल हरिकेन सेंटरचा नकाशा बघा आणि पाणी भरतीच्या अंदाजापेक्षा किती वर आहे तेही बघा. अर्धा-पाऊण फूट जास्त असेल तर पाच मैलांच्या पुढे जाऊ नका.

आम्ही पाच मैलांच्या अलीकडेच गळ टाकले. आठ औंसांचं तारांच्या नख्यांचं वजनसुद्धा किनाऱ्यालगतच्या ओढीने वाहून जात होतं आणि दोरीला सरगॅसमचे, म्हणजे तरंगत्या समुद्री शेवाळाचे, भारे लागत होते. लांबवर आमिष सोडायला लोक कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, नेतात. अशा लाटांत ती पाण्यात घालूच नका.

वादळाच्या तोंडावर मासा चांगला खातो असं पुष्कळ जण सांगतात. किनाऱ्यावरून गरवणाऱ्याने त्यावर विसंबू नये, असं माझं मत. २००१ मध्ये गॅब्रिएल वादळ येताना फ्लोरिडाच्या टेरा सिया खाडीतली ट्रान्समीटर लावलेली ब्लॅकटिप जातीच्या मुशीची पिल्लं हवेचा दाब उतरू लागताच खोल पाण्यात निघून गेली आणि वादळ सरल्यावर परतली. मुशीला आपल्याआधी कळतं.

दुसऱ्या खेपेला उत्तरेचा वारा सुटला होता. तो जमिनीकडून येतो, त्यामुळे लाटा बसतात. पाणी निवळलं होतं, पण किनारा ओळखू येईना. वाळूचे दांडे सरकले होते, जुनी खोलगट पट्टी बुजून नवी पडली होती. वादळानंतर जुन्या जागेचा हट्ट धरू नका. ओहोटीला गाडीच्या टपावर उभं राहून बघा: लाट जिथे फुटते तिथे दांडा, फुटायची थांबते तिथे खोल पाणी. त्याच पट्टीतून बोय माशांचे थवे दक्षिणेकडे चालले होते. बोय तिथेच पागली आणि अर्धी कापून दुसऱ्या दांड्यापलीकडे सोडली. अंधार पडताना रीळ किंचाळलं. वीस मिनिटांनी पाच फुटी ब्लॅकटिप गुडघाभर पाण्यात आली, पंखांची टोकं काळी कुळकुळीत. तिला कोरड्या वाळूत ओढली नाही. गळ तोंडाच्या कोपऱ्यात होता, पाण्यातच काढला आणि ती गेली.

टेक्ससमध्ये मुशीसाठी सर्कल हूकच, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळच लागतो, ऑफसेट (टोक बाजूला वाकवलेला) नसलेला आणि स्टेनलेस नसलेला. मासेमारीच्या परवान्यावर खाऱ्या पाण्याची नोंद हवी. हॅमरहेड, म्हणजे हातोड्यासारख्या डोक्याचा शार्क, लागला तर झुंजवत बसू नका, तो दमून मरतो, दोरी कापा.

२५ जुलै २०२० ला हॅना वादळ याच बेटावर आदळलं आणि उत्तरेकडचा बॉब हॉल पिअर हा मासेमारीचा धक्का मोडला. इतक्या जवळचं काही दिसलं तर कॉर्पस क्रिस्टीलाही थांबू नका. दूरचं असेल तर ते गेल्यावर पहिला उत्तरेचा वारा येईपर्यंत वाट बघा. टायरची हवा उतरवल्यावर पुन्हा भरायला पंप, फावडं आणि जाड फळ्या मात्र तेव्हाही सोबत ठेवा. परतताना दहाव्या मैलाजवळ आम्हाला तिन्ही लागलं.