‘लिम्फोमा नाकारता येत नाही’ असे रिपोर्टमध्ये का लिहावे लागते

त्वचेच्या बायोप्सीच्या रिपोर्टखाली ‘लिम्फोमाची शक्यता नाकारता येत नाही, बायोप्सी पुन्हा करावी’ असे लिहिले की नातेवाईक लॅबमध्ये येतात आणि विचारतात, “मॅडम, कॅन्सर आहे की नाही, एवढंच सांगा.” प्रश्न रास्त आहे. पण मायकोसिस फंगॉइडिस या त्वचेच्या लिम्फोमात (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरात) बायोप्सीच्या पहिल्याच तुकड्यावरून ठाम उत्तर मिळेल याची खात्री नसते.

पॅरिसच्या आलिबेर यांनी १८०६ मध्ये वर्णन केलेला हा टी-लिम्फोसाइटांचा (टी-पेशींचा) आजार कंबर, नितंब, मांड्या अशा कपड्यांआड राहणाऱ्या जागी लालसर, किंचित खवलेदार चट्ट्यांनी सुरू होतो. असे चट्टे इसबाचे किंवा सोरायसिसचेही असू शकतात, त्यामुळे मलमे बदलण्यात वर्षे जातात.

मायक्रोस्कोपखाली पाहताना आम्ही प्रथम बाह्यत्वचेत शिरलेल्या लिम्फोसाइटांचे प्रमाण आणि तिथली सूज यांचा मेळ बसतो का, हे तपासतो. इसबातही लिम्फोसाइट वर चढतात, परंतु तिथे बाह्यत्वचेच्या पेशींमध्ये पाणी साचून त्या एकमेकींपासून दूर सरलेल्या असतात. लिम्फोमात मात्र फारशी सूज नसताना लिम्फोसाइट तळच्या थराला धरून ओळीने बसलेले आढळतात, प्रत्येकाभोवती रिकामे पांढुरके वलय असते आणि केंद्रकाच्या कडा वेड्यावाकड्या दुमडलेल्या दिसतात. पाठ्यपुस्तकात ठळकपणे छापलेले पोत्रिए यांचे पेशीपुंज (बाह्यत्वचेतले लिम्फोसाइटांचे झुबके) दिसले तर काम सोपे होते, पण सुरुवातीच्या अवस्थेतील बहुतेक स्लाइडवर ते नसतातच. त्यातून रुग्ण स्टेरॉइडचे मलम लावत असेल, तर उरलेल्या खुणाही पुसट होतात. आपल्याकडे औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या मिश्र मलमांनी या बाबतीत जे नुकसान केले आहे, त्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल. बायोप्सीपूर्वी दोन ते चार आठवडे मलम थांबवून वेगवेगळ्या चट्ट्यांचे दोन-तीन तुकडे पाठवले, तर निदानाची शक्यता पुष्कळ वाढते.

इम्युनो तपासणीत (पेशींवरची प्रथिने रंगवून पाहण्याच्या चाचणीत) टी-पेशींवरचे सीडी७ हे प्रथिन नाहीसे झालेले दिसले म्हणून लगेच निष्कर्ष काढता येत नाही, कारण साध्या दाहातही ते कमी होते. सीडी२ किंवा सीडी५ नाहीसे होणे अधिक वजनदार मानावे. टी-पेशींच्या जनुकांची चाचणी सर्व पेशी एकाच कुळातल्या आहेत का ते सांगते, पण पिटिरियासिस लायकेनॉइडिससारख्या सौम्य त्वचारोगातही असे एक कूळ सापडते. दोन निरनिराळ्या जागांच्या तुकड्यांत तेच कूळ मिळाले, तर मात्र संशय बळावतो. २००५ मध्ये तज्ज्ञांनी सुचवलेल्या गुणपद्धतीत निदानासाठी चार गुण लागतात आणि त्यांपैकी मायक्रोस्कोपच्या वाट्याला जास्तीत जास्त दोनच येतात. बाकीचे गुण रुग्णाच्या अंगावरच्या चट्ट्यांतून आणि या इतर तपासण्यांतून मिळवावे लागतात. म्हणूनच फॉर्मवर नुसते ‘पुरळ’ असे लिहून आलेला तुकडा पाहिला की मला चीड येते. चट्टे किती वर्षांपासून आहेत, कुठे आहेत, कोणते औषध चालू आहे, एवढे तरी लिहावे. सोबत एक फोटो असला तर फारच उत्तम.

सावळ्या त्वचेत या आजाराचा फिकट चट्ट्यांचा प्रकार अधिक दिसतो, तोही मुलांत आणि तरुणांत. घरच्यांना कोडाची शंका येते आणि डॉक्टरांना कुष्ठरोगाची. कुष्ठरोगात चट्ट्यावरची संवेदना कमी झालेली असू शकते आणि दाह नसांच्या भोवती एकवटलेला असतो, म्हणून अशा तुकड्यावर कुष्ठरोगाचे जंतू दाखवणारा फाइट स्टेन (रंगचाचणी) करून घ्यावा. फिकट प्रकारात लिम्फोमाच्या पेशी पुष्कळदा नेहमीच्या सीडी४ प्रथिनाऐवजी सीडी८ प्रथिन असलेल्या असतात, हेही ध्यानात ठेवावे लागते.

चट्टे शरीराच्या एक दशांशाहून कमी भागावर असतील, तर बहुतेक रुग्णांचे आयुर्मान इतरांइतकेच राहते आणि प्रकाशोपचारांनी चट्टे आटोक्यात येतात. त्यामुळे पुन्हा बायोप्सीसाठी काही महिने थांबल्याने सहसा बिघडत नाही. धोका आहे तो इसब गृहीत धरून सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू करण्यात, कारण त्याने लिम्फोमा वेगाने पसरू शकतो. इसबासाठी दिल्या जाणाऱ्या डुपिलुमॅबच्या इंजेक्शनांनंतर दडलेला लिम्फोमा उघड झाल्याच्या नोंदीही प्रसिद्ध झाल्या आहेत. लहानपणी कधीही इसब नसलेल्या व्यक्तीला पन्नाशीनंतर तो प्रथमच झाला आणि नेहमीच्या उपचारांना दाद देत नसला, तर यांपैकी काहीही सुरू करण्यापूर्वी तुकडा काढावा, आणि आधीच्या बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) कुठे असतील तर तेही मागवून घ्यावेत.